जाहीर करण्यासारखं काही

माझा वर्ग दुपारी भरायचा. तिकडे, समुद्रापलीकडच्या त्या विद्यापीठात, तेव्हा सकाळ असायची. प्राध्यापक हातात कॉफीचा मग घेऊन पडद्यावर यायचे आणि सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचे. ठाण्यापलीकडच्या दिवा गावातल्या माझ्या खोलीत खिडकीला ओली चादर लावून, घामाघूम होऊन बसलेली मीही तेवढ्याच उत्साहाने गुड मॉर्निंग म्हणायचे. त्या वेळी आमच्या सात मजली इमारतीत चिटपाखरू नसायचं. सगळी इमारत सकाळी कामाला जायची ती दिवेलागणीला परतायची. मधल्या वेळात जिन्यात एक कुत्रं झोपलेलं असायचं आणि कोणीतरी घाईत उघडा ठेवून गेलेला नळ कुठल्याशा बंद घरात नुसती हवा सोडत राहायचा. पाणी यायचं ते पहाटे, आलं तर.

मी एलएलएम करत होते, आंतरराष्ट्रीय लवाद या विषयात. दोन देशांतल्या दोन कंपन्यांचं फाटलं की त्यांना एकमेकांच्या देशातलं कोर्ट नको असतं. मग दोघी मिळून एक तिसरा माणूस नेमतात आणि त्याचा निवाडा मानायचं कबूल करतात. तो तिसरा माणूस कसा असावा, कसा नेमावा, कसा हाकलावा, याचा तो अभ्यासक्रम. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पंच. मग तसं सांग ना. त्याला एवढं शिकायला लागतं?" बाबांना मात्र 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फार आवडला. ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत, सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींत ते तो शब्द मध्ये जरा थांबून, चव घेत उच्चारायचे. विहारातल्या कार्यक्रमातही त्यांनी कोणाकोणाला सांगून ठेवलेलं. त्यामुळे भेटेल तो मला विचारायचा, मग परदेशी कधी निघालीस?

मी निघाले ती दिव्याला.

त्याआधी कितीतरी वर्षं मी कल्याणच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. आमच्याकडे बांधाचे वाद, गाळ्याचे वाद, सामाईक भिंतीचे वाद. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी ती रोज चढायचे आणि तारीख घेऊन उतरायचे. एका वाटणीच्या दाव्यात आमचे अशील वारले, त्यांचा मुलगा वारस म्हणून उभा राहिला, आणि त्याच्या देखत मी सरांना विचारलं, "सर, हे संपणार कधी?" सर शांतपणे म्हणाले, "अगं, संपवणारे आपण कोण?" मला राग आला. मला राग लवकर येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, मग संपवणाऱ्यांचा अभ्यास करते. सर हसले. म्हणाले, "इथे शेजाऱ्याशेजाऱ्याचं मिटत नाही आणि तू देशादेशांचं मिटवायला निघालीस. लष्कराच्या भाकऱ्या!" पण शिफारसपत्र त्यांनीच दिलं, आणि चांगलं दिलं.

दिव्याला जायचं कारण साधं होतं. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत भावाचं बाळ नुकतं आलं होतं. ते दुपारी झोपायचं आणि माझा वर्ग नेमका दुपारी बोलायला लागायचा. वहिनी कधी काही म्हणाली नाही, पण मी वाद घालायला तोंड उघडलं की ती बाळाच्या कानावर हात ठेवायची. मी खोली शोधायला लागले. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर खोली आधीच गेलेली निघाली. तिसरी दिव्याला मिळाली, पहिल्या मजल्यावर, नवीकोरी, भिंतींना अजून चुन्याचा वास येणारी. शांतता हवी म्हणून गेले आणि शांतता मिळाली. आता तक्रार तरी कोणाकडे करणार?

वर्गात आम्ही सगळे चौकोनांत राहायचो. एकाच्या चौकोनामागे पुस्तकांचं कपाट, एकीच्या मागे मांजर, एकाच्या मागे बर्फ. त्यांतले बरेच जण त्याच शहरात होते, वर्गानंतर एकत्र जेवायला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या संध्याकाळच्या कशावर तरी हसायचे. मीही हसायचे, जरा उशिरा. कोणी वाईट वागलं असं नाही, उलट सगळे फार नीट वागायचे. गटचर्चेत मला आवर्जून विचारायचे, तुझ्या देशात याबद्दल काय म्हणतात? मी अख्ख्या देशाच्या वतीने उत्तर द्यायचे आणि मग पडदा बंद व्हायचा. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या वर्गापर्यंत माझा आवाज मलाही ऐकू यायचा नाही. आईचा फोन यायचा, पण ती एकच विचारायची, जेवलीस का, आणि मी एकच उत्तर द्यायचे. खरं म्हणजे मी बहुतेक दुपारी जेवायचेच नाही. एकटीसाठी भाजी चिरायची म्हणजे चाकूच्या आवाजाचाही कंटाळा येतो.

त्या अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. लवाद म्हणून नेमल्या जाणाऱ्या माणसाने काम सुरू करण्याआधी आपले सगळे संबंध जाहीर करायचे असतात. दोन्ही पक्षांशी, त्यांच्या वकिलांशी, कोणाशी नातं आहे का, मैत्री आहे का, कधी एकत्र काम केलंय का, एका ताटात जेवलाय का. त्यासाठी रंगांच्या याद्या आहेत. लाल यादीतला संबंध असेल तर विषयच संपला. नारिंगी यादीतला असेल तर सांगायचं, मग पक्ष काय ते ठरवतील. हिरव्यातला असेल तर सांगायचीही गरज नाही. जाहीर केल्यावर पक्षांना विचारायचं, कोणाची हरकत? हरकत नसेल तरच लवादाने खुर्चीत बसायचं. मला हे फार आवडलं. आपल्याकडे न्याय करणारा माणूस खुर्चीत आधी बसतो आणि त्याचा मेहुणा कोण ते नंतर कळतं.

एकदा प्राध्यापकांनी सराव म्हणून प्रत्येकाला आपलं जाहीर निवेदन तयार करायला लावलं. खटला खोटा, पण पक्ष म्हणून वर्गातलीच माणसं. बाकीच्यांची निवेदनं चांगली लांबलचक झाली. ही माझ्या घरी राहिली आहे, हा माझ्याबरोबर पोहायला येतो, हिच्या वाढदिवसाला मी केक केला होता. हसत हसत वाचत होते सगळे. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे एकच वाक्य होतं. मला जाहीर करण्यासारखं काही नाही.

प्राध्यापक खूश झाले. म्हणाले, बघा, लवाद असा असावा, कोणाशीच कसलाही धागा नाही. वर्गाने टाळ्यांच्या खुणा पाठवल्या. मी आभार मानले, पडदा बंद केला आणि रडले. अख्ख्या पृथ्वीवर आपला कोणाशी संबंध नाही याबद्दल कौतुक होणं ही गोष्ट मला त्या दुपारी सोसली नाही.

रडताना दार उघडं आहे हे लक्षात नव्हतं. वाऱ्यासाठी मी ते नेहमीच थोडं उघडं ठेवायचे.

"कोनाशी भांडतंस गो रोज दुपारची?"

दारात समोरच्या घरातल्या मावशी उभ्या होत्या. नऊवारी काष्टा, कपाळावर गोंदलेलं, हातात सुकट निवडायचं सूप. या मूळच्या इथल्याच, आगरी. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती त्यांची भातजमीन. जमिनीच्या बदल्यात बिल्डरने त्यांना पहिल्या मजल्यावर घर दिलेलं. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नातू शिकायला बाहेर. म्हणजे दुपारी त्या मजल्यावर आम्ही दोघीच असायचो, समोरासमोरच्या दारांत, आणि इतके महिने एकमेकींना नुसतं बघत होतो.

मी म्हटलं, भांडत नाही, अभ्यास करते.

"विंग्रजीत वरडतंस आनि मंग रडतंस. कसला अभ्यास हा?" त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

आईला द्यायचे तेच उत्तर मी दिलं. त्यांनी माझ्या ओट्याकडे एकदा पाहिलं. तिथे भांडं नव्हतं की ताट नव्हतं. "खोटं बोलतंस," त्या म्हणाल्या. "चल."

त्या दिवसापासून वर्ग सुटला की मी मावशींच्या स्वयंपाकघरात, जमिनीवर, फ्रिजला पाठ लावून बसायचे. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, परातीत हाताने थापलेली, आणि सोबत असेल ते. कधी सुकट, कधी वालाचं, कधी त्यांच्या भावाने आणून दिलेले खाडीच्या चिखलातले मासे, निवट्या. ठाण्याहून मी आईच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी न्यायचे, ती चाखून त्या म्हणायच्या, "तुझी आय तिखाट हाय." तिखटाबद्दल म्हणायच्या की आईबद्दल, मी कधी विचारलं नाही. त्या भाकरी थापत असायच्या तेव्हा मी त्यांना त्या दिवशीचा धडा सांगायचे. जहाज बुडालं तर त्यातल्या तांदळाचे पैसे कोणी द्यायचे, धरण अर्ध्यावर राहिलं तर दोष कोणाचा. त्या निवाडा लगेच द्यायच्या आणि बहुतेक वेळा तो पुस्तकातल्या निवाड्याच्या अगदी उलट असायचा. मग आम्ही भांडायचो. मला तसं भांडायला वर्गात कोणी मिळायचं नाही.

उन्हाळा वाढला तसं इमारतीचं पाणी आटलं. दिव्यात याची कोणाला नवलाई नाही. टँकर यायचा, त्यावरून जिन्यात बाचाबाची व्हायची. इमारतीच्या मागच्या बाजूला, कुंपणाच्या आत, मावशींच्या शेतातली जुनी विहीर तेवढी शिल्लक होती. बिल्डरने सगळं बुजवलं, ती बुजवू दिली नाही, असं त्या सांगायच्या. ज्याला हवं तो तिथून बादलीने पाणी काढायचा. त्या कोणाला नाही म्हणायच्या नाहीत. पण त्या उन्हाळ्यात सोसायटीच्या कमिटीने ठरवलं की विहिरीवर पंप बसवायचा आणि पाणी वरच्या टाकीत चढवायचं.

मावशी म्हणाल्या, पंप नाय.

कमिटी म्हणाली, विहीर सोसायटीच्या कुंपणात आहे, म्हणजे सोसायटीची. मावशी म्हणाल्या, जमीन दिली, विहीर दिली नाय. बिल्डर तसं बोलला होता, आणि बिल्डरचा आता पत्ता नव्हता. शेजारच्या पाड्यातल्या त्यांच्या बहिणीच्या विहिरीला असाच पंप लावलेला. भसाभसा उपसलं आणि त्याच उन्हाळ्यात खाडीचं खारं पाणी आत शिरलं. "बादलीनं हीर मरत नाय," त्या म्हणायच्या. "तिला दम घ्यायला वेल लागतो." एका सकाळी कमिटीने पंप आणून कठड्याला टेकवून ठेवला तेव्हा मावशी सूप घेऊन तिथेच जाऊन बसल्या आणि दिवसभर उठल्या नाहीत. शब्दाला शब्द वाढला. चौथ्या मजल्यावरच्या बायकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मुलगा म्हणाला, आपण कोर्टात जाऊ.

तेव्हा सोसायटीचे चेअरमन माझ्याकडे आले. डोंबिवलीच्या एका शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, बोलणं अगदी स्वच्छ. आतापर्यंत जिन्यात त्यांनी मला बघून कधी मानही हलवली नव्हती. त्या दिवशी दाराशी चपला काढून म्हणाले, "मॅडम, आपण लवादाचाच अभ्यास करता असं कानावर आलं. कोर्टात गेलो तर तारखा आमची नातवंडं घेतील. त्यापेक्षा आपणच या प्रकरणात पंच व्हा. दोन्ही बाजूंना चालेल. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आम्ही एका मुखावर भागवू."

मावशींच्या मुलानेही हो म्हटलं. मावशींना कोणी विचारलं नाही, आणि मलाही त्या वेळी ते सुचलं नाही.

मी खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. पुस्तकातल्या जहाजांचे आणि धरणांचे वाद वाचून वाचून मला कोणाचा तरी खरा, ओला वाद हवा होता. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इमारत माझ्याशी बोलायला लागली. जिन्यात बायका थांबून विचारायच्या, बरी आहेस ना. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, काही लागलं तर सांगा. कोणीतरी कैऱ्या आणून दिल्या, त्या मी नियमाप्रमाणे परत केल्या, तरी त्या परत करतानाही दोन शब्द बोलणं झालं. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी हाक मारून आईला सांगितलं. मग म्हणाले, "पहिली नेमणूक. रविवारी वर्तकनगरला ये, मी पेढे आणतो." मी म्हटलं, रविवारीच सुनावणी आहे.

पण नियम म्हणजे नियम. निवाडा होईपर्यंत लवादाने एका पक्षाशी एकांतात बोलायचं नाही, त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही. मी मावशींच्या दारात उभी राहून त्यांना हे सांगितलं. आत गेले नाही, उंबऱ्यावरूनच बोलले. म्हटलं, "मावशी, रविवारपर्यंत मला जेवायला नाही येता येणार."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. "मंग खाशील काय?"

"करेन काहीतरी."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यातली एकेक दुपार मला आठवते. वर्ग सुटला की समोरून परातीचा आवाज यायचा, थप थप, आणि थांबायचा. पूर्वी तो थांबला की मी उठायचे. आता मी खोलीतच बसून राहायचे. मावशींनी दार पूर्ण लावलं नव्हतं, अर्धवट लोटलेलं होतं, आणि मीही माझं तसंच. दोन अर्धवट दारांमध्ये ते जिन्यातलं कुत्रं येऊन झोपायचं. मी पाव खाल्ला, नूडल्स खाल्ल्या, एका दुपारी काहीच खाल्लं नाही. मला स्वतःचाच राग यायचा आणि लगेच वाटायचं, हेच तर तू शिकायला आलीस. धागा नसलेला माणूस. मला खुर्ची हवी होती आणि मला ती भाकरीही हवी होती. दोन्ही मिळणार नाहीत हे मला पुस्तकाने नाही, त्या परातीच्या आवाजाने सांगितलं. रविवारी मी निवाडा त्यांच्याविरुद्ध दिला तर ते दार कायमचं लागेल, आणि त्यांच्या बाजूने दिला तर इमारत म्हणेल, खाल्ल्या भाकरीला जागली. विहिरीचं काय ते खरं तर मी अजून ऐकलंही नव्हतं. मला भीती वाटत होती ती माझ्या दुपारची.

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. माझ्या खुर्चीवर कोणीतरी टर्किशचा टॉवेल घातला होता. डाव्या हाताला कमिटी, उजव्या हाताला मावशी, त्यांचा मुलगा आणि सून. मागे अख्खी इमारत, काही जण तर वरच्या गॅलरीतून वाकून. चेअरमननी प्रास्ताविक केलं आणि म्हणाले, "सुरू करा मॅडम."

मी बसले नाही. म्हटलं, आधी मला माझे संबंध जाहीर करायचे आहेत.

लोकांना काही कळलं नाही. मी समजावलं, पंच होणाऱ्याने आपलं कोणाशी काय आहे ते आधी सांगायचं असतं, आणि मग तुम्ही ठरवायचं मी चालते की नाही. गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, "अरे ही तर लग्नाची बोलणी झाली!" सगळे हसले. मी रात्रंदिवस घोकलेला निवेदनाचा तो नमुना मराठीत पहिल्यांदाच वापरत होते, त्यामुळे शब्द शोधत बोलत होते.

मी म्हटलं, "कमिटीतल्या कोणाशी माझी ओळख नाही. दुसऱ्या पक्षाशी आहे. मी मावशींच्या घरी दुपारी जेवते. त्या मला आग्रह करून वाढतात. माझ्या घरून आलेली चटणी त्यांच्या डब्यात असते. मला ताप आला तेव्हा त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. माझा अभ्यास मी त्यांना सांगते आणि त्या मला वेड्यात काढतात. या गावात मी ज्यांच्याशी रोज बोलते असं दुसरं माणूस नाही." एवढं बोलून मी थांबले, कारण पुढे काही नव्हतं. वर्गात मी एका वाक्यात संपले होते. इथे बोलत गेले आणि संपेना, याचं मलाच नवल वाटलं.

चेअरमन उठले. मनाने मोठा माणूस, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, "हे आपण स्वतःहून सांगितलंत, आणखी काय हवं? शेजारधर्म आहे तो. आमची काही हरकत नाही." कमिटीने माना डोलावल्या. वरूनही कोणीतरी म्हणालं, चालेल, चालेल.

आता राहिला दुसरा पक्ष. ज्याच्या बाजूला माझा कल झुकण्याची भीती, त्याची हरकत कशी असेल? पण नियमाप्रमाणे दोघांनाही विचारायचं असतं, म्हणून मी केवळ रीत म्हणून उजवीकडे वळले आणि विचारलं, "मावशी, तुमची काही हरकत?"

"हाय," मावशी म्हणाल्या.

मुलगा चपापला. "आये, काय बोलतेस? ती आपलीच..."

"तू गप." त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता कमिटीकडे बघून बोलल्या. "माजी हरकत हाय. हिनं माज्या बाजूनं निकाल दिला तर तुमी हिला जन्मभर बोलाल, भाकरी खाल्ली म्हनून. तुमच्या बाजूनं दिला तर ही माज्या घरात परत पाय नाय ठेवनार. मी वलखतंय हिला, लय ताठ हाय. ह्या आठवड्यात पाव खात बसलीय, मी नाय बघितलं काय? हिरीला दुसरा पंच भेटल. कोनबी आना, मना चालल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मना दुपारची दुसरी कोन भेटल?"



खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला रागच आला. माझी पहिली नेमणूक, बाबांचे पेढे, टॉवेल घातलेली खुर्ची, सगळं एका वाक्यात गेलं होतं. माझ्यावर हरकत घेतली गेली होती आणि ती इतकी पक्की होती की जगातल्या कुठल्याही लवादाने ती मान्य केली असती. मी टॉवेलची घडी घातली, ती रिकाम्या खुर्चीवर ठेवली, आणि कुठे जाऊन उभं राहावं ते न कळून मधोमध उभी राहिले. मावशींच्या सुनेने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. मी उजव्या बाजूला जाऊन बसले.

विहिरीसाठी पुढे, माझी ओळख आधी जाहीर करून आणि दोन्ही बाजूंची संमती घेऊन, कल्याणहून माझे जुने सर आले. संपवणारे आपण कोण म्हणणाऱ्या त्या माणसाने एका बैठकीत ते संपवलं. पंप बसला, पण सकाळी थोडा वेळ चालायचा, आणि विहिरीतली तिसरी पायरी दिसली की बंद. बंद करायची चावी मावशींकडे. जाताना सर मला म्हणाले, "तुझ्यावर हरकत घेतली म्हणे. माझ्या सगळ्या वकिलीत मला असा मान मिळाला नाही." मी बाबांना फोन करून सांगितलं की नेमणूक गेली. ते म्हणाले, "पेढे आणलेत ते आणलेत. त्या बाईंसाठी घेऊन जा."

पण ते सगळं नंतर. त्या रविवारी खुर्च्या उचलल्या गेल्या, लोक पांगले, आणि मी मावशींच्या मागोमाग जिना चढले. मनात अजून धुसफूस होतीच. त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "मावशी, तुम्ही माझी केस घालवलीत."

"घालवली," त्या म्हणाल्या, आणि पीठ घ्यायला आत गेल्या. "उंबऱ्यावर का उभी? आता कुटं पंच हायस तू?"

मी आत गेले आणि फ्रिजला पाठ लावून खाली बसले.